डांगी बैलाचं माप

पेठ १८७८ पर्यंत संस्थान होतं; मग खालसा होऊन नाशिक जिल्ह्यात तालुका म्हणून सामील झालं. राजवट बदलली तरी इथल्या बैलाची मुख्य कामं दोनच राहिली: पावसाळ्यात भातखाचरात चिखलणी, आणि पावसाळा सरला की रानातून लाकडाचे ओंडके ओढणं. पेठ, सुरगाणा, इगतपुरी, अकोले आणि पलीकडचा डांग या पट्ट्यातल्या डांगी बैलाचं आकारमान हवेपेक्षा या दोन कामांनीच ठरवलं, असा माझा तर्क आहे.

शास्त्राचा जुना कल हवेकडे. मोठ्या देहातली ऊब सावकाश निसटते, म्हणून थंड मुलखातल्या जाती मोठ्या, असं बर्गमनने १८४७ मध्ये मांडलं. उष्ण-दमट कोकणातली ठेंगणी कपिला गाय या हिशेबात चपखल बसते. डांगी बसत नाही. त्याच्याही पाठीवर धो धो पाऊस, तरी अंगानं भरदार. पेठेची थंडी कोकणाहून जरा कडक हे खरं, पण तेवढ्यानं एवढा फरक पडावा?

चाऱ्याचं म्हणाल, तर क्लायबरच्या १९३२ च्या सूत्रानुसार देहाची ऊर्जेची गरज वजनाच्या पाऊण घातानं वाढते. दुप्पट वजनाच्या जनावराला चारा दुप्पट नव्हे, सुमारे १.७ पटच लागतो. म्हणजे ओंडक्याला दोन किरकोळ बैल जुंपण्यापेक्षा एक दांडगा पोसणं स्वस्त. मग बैल आणखी दांडगा का झाला नाही? इथे गॅलिलिओचा १६३८ चा हिशेब उपयोगी पडतो. उंची, लांबी, रुंदी दुप्पट केली की वजन आठपट होतं, खुराचा तळवा मात्र चौपटच. म्हणजे खुराखालच्या चिखलावर दुप्पट दाब. असा बैल खाचरात रुतून बसणार. रान त्याला मोठा करू पाहत होतं, खाचर आवरत होतं.

ही सूत्रं दोन ग्रॅमच्या चिचुंद्रीपासून हत्तीपर्यंतच्या वेगवेगळ्या जातींसाठी. एकाच जातीच्या वाणांना ती कशी लावता, हा आक्षेप रास्त आहे. या सूत्रांच्या आलेखावर डांगी आणि कपिला जवळपास एकाच ठिपक्याखाली झाकले जातात. क्लॉझेट आणि अर्विन यांच्या २००८ च्या प्रतिमानात तर वंशांचं आकारमान पिढ्यान्‌पिढ्या भटकत राहतं. खाली किमान वजनाची भिंत, वर नामशेष होण्याचा वाढता धोका. निवड करणारं तिथे कुणी नाही. पेठेत होतं. कोणता गोऱ्हा वळू म्हणून राखायचा आणि कोणता खच्ची करायचा हे गुराखी ठरवी, तेही नुसतं अंग बघून नव्हे: खूर काळे नि टणक आहेत का, तेलकट कातडीवरून पाणी ओघळून जातं का.