रुमालाखालचा भाव

परगावी गेलो की तिथला बाजार पाहायचा, ही माझी जुनी सवय. वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा लाड इथे लोक नृसिंह सरस्वतींच्या जन्मस्थानाच्या दर्शनाला येतात. माझी पावले मात्र बाजार समितीकडे वळली. भारतातल्या नियंत्रित शेतमाल बाजाराचा इतिहास याच गावापासून, १८८६ सालापासून सांगितला जातो.

वऱ्हाड तेव्हा नावाला निजामाचे, पण कारभार इंग्रजांचा. हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने कारंज्याचा बाजार सरकारी नियमाखाली आला. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदाच झाला. शेतकऱ्याच्या कळवळ्यापोटी हे घडले, असे नव्हे. मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस माफक भावात हवा होता.

त्या काळी अनेक बाजारांत दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत. ज्याचा माल, तो शेजारीच उभा. पण भाव त्यालाच कळत नसे. मापात आणि कडत्यात तो नागवला जाई, ते वेगळेच. हा रुमाल दूर सारायला पुढे कितीतरी वर्षे लागली. महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा १९६३ मध्ये झाला आणि उघड लिलावाची रीत रुळली.

मी गेलो तेव्हा तुरीचा लिलाव चालला होता. भाव मोठ्याने पुकारला गेला. ढिगाजवळ उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला मी विचारले, "परवडलं का, बाबा?"

"परवडलं नाही जी," तो म्हणाला, "पन माह्या कानानं आयकलं."

सव्वाशेहून अधिक वर्षांची कमाई एवढी आहे. उरलेला हिशेब अजून बाकी आहे.