आजोबांची घोडी

उटनूरला पक्का रस्ता नव्हता तेव्हाची गोष्ट. आजोबांनी माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेतून शिंगरू आणलं. आधी नुसतं लांब दोरीवर गोल फिरवलं. अंगानं भरल्यावर मग खोगीर. पहिली स्वारी नांगरलेल्या रानात. ढेकळांत घोडं लवकर दमतं, अन् पडलं तरी माणसाला फारसं लागत नाही. पुढं घोडी अशी रवाल चालायची, की पुढ्यात बसलेला मी झोपी जायचो.

पावसाळ्यात बैलगाडी रुतली, की मुक्काम करत किनवटपर्यंत घोडीच. किनवट तेव्हा आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात. १९५६ साली ते मुंबई राज्यात गेलं, पुढं महाराष्ट्रात. आपण आंध्रात राहिलो. घोडीला त्याचं काय! लगाम सैल सोडला, की तीच वाट धरायची. आत्याचं सासर तिथंच होतं.

तुमच्या माळ्यावर आहे का एखादं जुनं खोगीर?