पावलांची नक्षी : कोलकात्यातील लोकरीच्या सुईकामाचा एक दुर्लक्षित इतिहास

कोलकात्याच्या हवामानात लोकरीचा पायमोजा ही फारशी निकडीची वस्तू ठरत नाही. जानेवारी महिन्यातही तेथील सरासरी किमान तापमान १४ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. त्यामुळे उबदार पायमोज्याचा उपयोग फार तर काही आठवड्यांपुरता. असे असूनही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या शहरातील भद्रलोक घरांत लोकर, सुया आणि नक्षीचे कागद यांना स्थिर स्थान लाभले. ज्या वस्तूचा उलगडा गरजेने होत नाही, तिचा उलगडा नात्यांत, शिक्षणात आणि प्रतिष्ठेच्या कल्पनांत शोधावा लागतो. पावलासाठी केलेल्या या नक्षीकामाने अंतःपुरातील स्त्रीला अक्षरांच्या सोबतीने मोजणीची आणखी एक लिपी दिली, आणि स्त्रीशिक्षणाच्या इतिहासलेखनात या दुसऱ्या लिपीची नोंद जवळजवळ राहूनच गेली, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

या इतिहासाचा आरंभ पायमोज्यापाशी नाही, सपातेपाशी आहे. १८४९ मध्ये बेथ्यून यांची मुलींची शाळा कोलकात्यात सुरू झाली. परंतु उच्चवर्णीय विवाहित स्त्रिया शाळेत जाणे तेव्हा दुरापास्त होते. १८५५ च्या सुमारास जॉन फोर्डाइस यांच्या प्रयत्नांतून मिस टूगुड या शिक्षिका घरोघरीच्या जनानखान्यांत जाऊन शिकवू लागल्या. याच संदर्भात मिशनच्या इतिहासांतून एक आख्यायिका वारंवार भेटते. हाना कॅथरिन मलेन्स (१८२६–१८६१) सपातेवर लोकरीची नक्षी भरत होत्या. भेटीस आलेल्या एका बंगाली गृहस्थास ते काम आवडले आणि आपल्या पत्नीने ते शिकावे अशी इच्छा त्याने व्यक्त केली. अशा रीतीने एका सपातेच्या जोडाने अंतःपुराचे दार उघडले, असे मिशनरी लेखक अभिमानाने सांगतात. आख्यायिकेचे तपशील कथनागणिक बदलतात. तिची लोकप्रियता मात्र अर्थपूर्ण आहे. पुस्तकाला जेथे मज्जाव होता तेथे लोकरीला प्रवेश मिळाला, हे मिशनरी वर्गाने अचूक हेरले होते.

मलेन्सबाईंचे नाव साहित्याच्या अभ्यासकांना वेगळ्या कारणाने परिचित आहे. त्यांचे ‘फुलमणि ओ करुणार बिबरण’ १८५२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि बंगाली कादंबरीच्या उगमाच्या चर्चेत त्याचा उल्लेख टाळता येत नाही. मराठीत बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कृतीचे स्थान काहीसे असेच आहे. बंगाली गद्यकथेच्या आरंभाशी निगडित असलेली लेखिका आणि सपातेच्या आख्यायिकेची नायिका एकच असावी, हा निव्वळ योगायोग मानून पुढे जाता येत नाही. सुई आणि लेखणी या दोन्ही साधनांनी ती एकाच उंबरठ्यापाशी उभी होती.

सपातेवरचे काम आणि पायमोज्याचे विणकाम यांतील भेद येथे लक्षात घ्यावा लागतो. सपातेची नक्षी जाळीदार कापडावर सुईने भरली जाई. तिचे नमुने चौकटींच्या कागदावर छापून विकण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये सुरू झाली. एक चौकट म्हणजे एक टाका. पायमोजा मात्र चार-पाच सुयांवर गोलाकार विणला जातो. तेथे आधीचे कापड नसते, नक्षी आणि वस्त्र एकाच वेळी जन्म घेतात. तरीही दोन्ही कलांचे व्याकरण एकच, ते म्हणजे चौकटींचा कागद वाचणे. जिला सपातेवरचे गुलाबाचे फूल मोजून उतरवता येई, तिला पायमोज्याच्या घोट्याभोवती वेल फिरवण्याची पूर्वतयारी आपोआप लाभे.

ही पूर्वतयारी बौद्धिक स्वरूपाची होती. पायमोज्याची नक्षी आखणे म्हणजे प्रथमतः भागाकार करणे होय. घोट्याभोवती ६४ टाके असतील तर आठ टाक्यांचे फूल आठ वेळा नेमके बसते. सहा टाक्यांचे फूल घेतल्यास अखेरीस चार टाके उरतात आणि वर्तुळ जुळत नाही. अशा वेळी विणणारीने टाके वाढवायचे, फूल बदलायचे की उरलेल्या टाक्यांत उभी रेघ घालायची, हा निर्णय तिचा. दोन रंग वापरताना जो धागा त्या क्षणी कामात नसतो तो आतल्या बाजूने न्यावा लागतो; तो ताठ ओढला तर मोजा टाचेवरून चढत नाही, सैल सोडला तर पायाची बोटे त्यात अडकतात. टाचेशी तर मोज्याला वळण देण्यासाठी गोल विणकाम थांबवून काही टाक्यांवर मागेपुढे जावे लागते आणि वेलीचा ओघ तेथे खंडित होतो. ही तूट कशी लपवावी याचे उत्तर छापील नमुन्यात पूर्णतः मिळत नाही, कारण प्रत्येक पाऊल निराळे, लोकरीची जाडी निराळी आणि हाताचा ताण निराळा. म्हणूनच नमुन्याची नक्कल करणारी स्त्री, इच्छा असो वा नसो, अंशतः नमुनाकार होत असे.

या कौशल्याचा सामाजिक अर्थ बंगाली साहित्याने नेमका टिपला आहे. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या ‘नष्टनीड’ (१९०१) या दीर्घकथेत अमल आपल्या वहिनीकडे, चारूकडे, नक्षीदार सपाता मागतो. मागणी थट्टेची आहे, परंतु ती पुरी करताना चारूच्या रिकाम्या दुपारींना प्रयोजन मिळते. पायात घालावयाची वस्तू ही भारतीय मनाला आदराची, सेवेची आणि जवळिकीची खूण वाटते. त्यामुळे ती कोणाकडून कोणासाठी तयार होते, हा प्रश्न घरात निरुपद्रवी राहत नाही. पुढे हीच चारू लेखन करू लागते आणि तिचे लेखन छापले जाते. टाक्यांपासून शब्दांपर्यंतचा हा प्रवास मिशनरी आख्यायिकेला समांतर जातो, मात्र त्याचा शेवट सुखाचा नाही. शिकवलेल्या हाताला स्वतःचे मन असते, ही गोष्ट जनानखान्याच्या शिक्षकांनी बहुधा विचारात घेतली नव्हती.

याच काळात यंत्रही शहरात आले होते. खिदिरपूर येथे १८९३ मध्ये निघालेला कारखाना हा भारतातील यंत्रावरील विणमालाच्या उद्योगाचा आरंभ मानला जातो. यंत्राने मोजा स्वस्त केला; परंतु त्याच वेळी हाताने विणलेल्या मोज्याचे मोल किमतीपासून अलग होऊन केवळ भावनेशी जोडले गेले. पहिल्या महायुद्धाने या भावनेला साम्राज्यव्यापी रूप दिले. १९१४ मध्ये राणी मेरी यांनी सैनिकांसाठी पायमोज्यांच्या ३,००,००० जोडांचे आवाहन केले. मागणी युद्धमंत्री लॉर्ड किचनर यांची होती. मोज्याच्या टोकाशी शिवण न उमटता दोन कडा जोडण्याच्या टाक्यास आजही किचनर यांचे नाव आहे. हे तंत्र त्यांनी शोधल्याचा भरवशाचा पुरावा नाही. १९०२ ते १९०९ या काळात भारताचे सरसेनापती असताना ते कोलकात्याच्या फोर्ट विल्यममध्ये राहत. तो किल्ला आता ‘विजयदुर्ग’ आणि त्यातील किचनर हाऊस आता ‘माणेकशॉ हाऊस’ झाल्याचे २०२५ च्या आरंभी प्रसिद्ध झाले. वास्तूचे नाव बदलले. टाक्याचे नाव मात्र जगभरच्या विणणाऱ्या स्त्रियांच्या बोलण्यात राहिले. ज्या असंख्य स्त्रियांनी हा टाका प्रत्यक्ष घातला, त्यांपैकी एकीचेही नाव त्याला मिळाले नाही.

नावाचा हा प्रश्न दोन तुलनांनी अधिक स्पष्ट होतो. हिमाचल प्रदेशातील लाहौल येथे मोरेव्हियन मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विणकाम रुजवले; केलाँग येथे मारिया हायडे स्त्रियांना ते शिकवीत. तेथे थंडीची निकड होती, स्थानिक लोकर होती. परकी कला त्या प्रदेशाची झाली आणि लाहौली नक्षीच्या पायमोज्यांना भौगोलिक निर्देशांकाची मान्यताही मिळाली. दुसरी तुलना खुद्द बंगालमधील कंथेची. गुरुसदय दत्त यांच्या संग्रहातील मानदासुंदरी दासी हिच्या कंथेवर तिचे नाव धाग्यानेच लिहिलेले आहे. कंथा जपून ठेवली जाते, नावासह वारशाने पुढे जाते. कोलकात्याच्या लोकरीच्या नक्षीला लाहौलसारखा प्रदेश लाभला नाही आणि कंथेसारखी स्वाक्षरीही लाभली नाही. पायमोजा चालण्याने झिजतो, उरला तर त्याला कसर लागते.

महाराष्ट्रातील रुखवताची स्थिती याहून फार वेगळी नाही. वधूने केलेली तोरणे, रुमाल आणि लोकरीच्या वस्तू लग्नमंडपात मांडल्या जातात, वाखाणल्या जातात, आणि लग्नानंतर त्यांची विचारपूस कोणी करीत नाही. स्त्रियांच्या आत्मचरित्रांचा आणि पत्रांचा शोध आपल्याकडे निष्ठेने झाला आहे. तशाच निष्ठेने चौकटी आखलेल्या वह्या, टाक्यांची गणिते लिहिलेले हिशेबाचे कागद आणि अर्धवट विणलेले नमुने यांचाही शोध घेतला पाहिजे. घोट्याभोवती ६४ टाके घालून आठाचे फूल निवडणाऱ्या स्त्रीने काय विचार केला, हे कदाचित तिच्या वहीच्या समासात अजूनही वाचता येईल. अशी वही जुन्या पेटीत सापडली तर रद्दीत टाकण्यापूर्वी ती उघडून पाहणे, हे या संशोधनाचे पहिले पाऊल आहे.