चंडोलखाना आणि परवाना

आमचें कबनूर कोठें संपतें व शेजारचें इचलकरंजी कोठें सुरू होतें, हें परक्या माणसास सांगतां यावयाचें नाहीं. १९०४ सालीं विठ्ठलराव दातार यांनीं इचलकरंजींत पहिला यंत्रमाग बसविला. त्या मागांचा खडखडाट शीव ओलांडून आमच्या गांवांत केव्हांच येऊन पोहोंचला आहे. सायंकाळीं या बाजूस फिरावयास निघालें म्हणजे दिव्यांच्या अक्षरांत 'परमिट रूम' ही पाटी हटकून दृष्टीस पडते. ती वाचून आम्हांस नेहमींच मौज वाटते. १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा नांव बदलून महाराष्ट्रांत अद्यापि अमलांत आहे. त्याच्या दृष्टीनें परवान्यावांचून दारू पिणें हा अपराध होय. परवाना मात्र एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म, जसा हवा तसा मिळतो. ज्या व्यसनास सरकारनें नको म्हटलें त्याच व्यसनासाठीं सरकारनेंच खोली नेमून द्यावी, ही विसंगति आमच्या इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, ती विसंगति आहे हेंही आमच्या ध्यानांत येत नाहीं.

हें सर्व आठवण्यास कारण झालें तें एका स्नेह्यांच्या प्रश्नाचें. १९८६ सालीं स्वित्झर्लंडमधील बर्न शहरीं एक खोली उघडण्यांत आली. मादक द्रव्य विकत घेऊन आलेल्या माणसानें तेथें बसावें, स्वच्छ सुई घ्यावी, आणि परिचारिकेच्या नजरेखालीं तें द्रव्य टोंचून घ्यावें. मात्रा अधिक होऊन श्वास मंदावल्यास त्यास तेथल्या तेथें वांचवावें, अशी ती योजना होती. पुढें सिडनींत २००१ सालीं, व्हँकूव्हर येथें २००३ सालीं, न्यूयॉर्क येथें २०२१ सालीं व ग्लासगो येथें जानेवारी २०२५ मध्यें अशीं स्थानें निघालीं. जेथें जेथें तीं निघालीं तेथें तेथें राजकीय पक्षांत रणें माजलीं. एक पक्ष म्हणे, ही माणुसकी; दुसरा म्हणे, हा अधर्मास राजाश्रय. आमच्या स्नेह्यांनीं वृत्तपत्र खालीं ठेवून विचारलें, "गर्दुल्ल्यांस सरकारनें बसावयास जागा द्यावी, असें आपल्या देशांत कधीं घडलें होतें काय हो?"

घडलें होतें, आणि त्यावरून पार्लमेंटापर्यंत भांडणही झालें होतें.

एकोणिसाव्या शतकांत आपल्याकडे अफूचे शोकी दोन प्रकारचे होते. बहुतेक लोक गोळी खात. ती खाणारा घरांत बसूनच खाई. थंडीवाऱ्यांत राबणारा, वृद्ध, संधिवाताचा रोगी अशांस तिचें साहाय्य होतें, असा समज सर्वत्र होता. दुसरे अफू ओढणारे. अफू उकळून, गाळून घट्ट केलेला अर्क म्हणजे चंडोल. त्याच अर्कांत भाजलेल्या पानांचा चुरा घालून केलेला मदक. ओढण्याला नळी हवी, दिवा हवा, आडवें पडावयास जागा हवी, आणि मुख्य म्हणजे सोबती हवेत. म्हणून ओढणारांची खोली निर्माण झाली. १८७८ च्या अफूच्या कायद्याखालीं विक्रीचे परवाने व मक्ते दिले जात, आणि दुकानांतच बसून ओढण्याची मुभा कित्येक शहरांत असे. मक्तेदाराचा नफा जितका वाढे तितकी पुढल्या वर्षींची बोली वाढे. देखरेख म्हणाल तर होती. परंतु ती गल्ल्याची होती, गिऱ्हाइकाच्या प्रकृतीची नव्हती.

डब्ल्यू. एस्. केन हे पार्लमेंटाचे सभासद लखनौच्या एका चंडोलखान्यांत जाऊन आले व त्यांनीं तेथील दृश्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. विलायतेंत अफूच्या व्यापाराविरुद्ध १८७४ पासून एक संस्था झटत होतीच. १० एप्रिल १८९१ रोजीं सर जोसेफ पीज यांनीं अफूचें उत्पन्न नीतीच्या दृष्टीनें असमर्थनीय आहे अशा अर्थाचा ठराव मांडला. त्याच्या बाजूनें १६० व विरुद्ध १३० मतें पडलीं. अफूचें उत्पन्न एके काळीं हिंदुस्थान सरकारच्या एकंदर वसुलाच्या सहाव्या-सातव्या हिश्श्यापर्यंत गेलें होतें. तें सोडणें सरकारास परवडण्यासारखें नव्हतें. मग काय सोडावें? सरकारनें खोली सोडली! परवान्याच्या दुकानांत बसून अफू ओढूं देऊं नये, असा निर्बंध त्याच वर्षीं घालण्यांत आला. विक्री चालूच राहिली.

पुढें जें झालें तेंच आमच्या मतें या इतिहासांतील खरें शिकण्यासारखें प्रकरण आहे. १८९३ सालीं लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखालीं रॉयल कमिशन नेमलें गेलें. त्यांत जुनागडचे दिवाण हरिदास विहारीदास व दरभंग्याचे महाराज लक्ष्मीश्वर सिंह हे दोन हिंदी गृहस्थ होते. १८९४ च्या आरंभीं मुंबईसही साक्षी झाल्या. एकंदर साक्षीदार सातशेंहून अधिक. परवान्याच्या खोल्या बंद झाल्यावर खासगी 'क्लब' निघाले, ही गोष्ट कमिशनपुढें आली. पूर्वीं जेथें पोलिसाचा व अबकारीच्या शिपायाचा पाय पडत असे, तो उद्योग आतां कोणाच्या तरी घराच्या आंतल्या खोलींत गेला. अधिकाऱ्यांनीं म्हटलें, पाहा, बंदीचा हा परिणाम. विरोधकांनीं म्हटलें, निदान सरकारचा शिक्का तरी पुसला गेला. दोघेही आपापल्या परीनें खरें बोलत होते, म्हणूनच तो वाद मिटला नाहीं.

१८९५ च्या अहवालांत गोळी खाणें बहुतांशीं मर्यादित व निरुपद्रवी ठरविलें गेलें, आणि खासगींत ओढण्यावर बंदी घालणें अव्यवहार्य मानलें गेलें. एच्. जे. विल्सन यांनीं एकट्यानें भिन्न मतपत्रिका जोडली. साक्षी घेण्याची व्यवस्था बहुतेक सरकारी अधिकाऱ्यांच्याच हातीं होती, हा त्यांचा आक्षेप आम्हांस आजही वजनदार वाटतो. जो धनी उत्पन्न घेतो त्यानेंच चौकशीचे साक्षीदार जमवावे, हें कोणत्या न्यायांत बसतें?

आपल्या पुढाऱ्यांची स्थिति मोठी अवघड होती. दादाभाई नौरोजी यांनीं अफूच्या व्यापाराचें पाप इंग्लंडच्या माथीं मारलें, पण त्यांत साधन झालेल्या हिंदुस्थानासही मोकळें सोडलें नाहीं. या देशांतील संपत्तीचा ओघ विलायतेस वाहतो, त्याची भर घालण्यासाठीं चीनला विष पाजावें लागतें, अशी त्यांची विचारसरणी होती. गोपाळराव गोखल्यांनीं १९०७ च्या अंदाजपत्रकावरील भाषणांत या उत्पन्नाविषयीं आपणांस खोल मानहानि वाटते असें स्पष्ट सांगितलें. परंतु पुष्कळांस अशी रास्त शंका होती कीं, सदसद्विवेकबुद्धि लंडनची जागी व्हावी, आणि तुटीची भरपाई मात्र येथल्या रयतेच्या मिठावर व शेतसाऱ्यावर पडावी! ही शंका केवळ लोभाची होती असें म्हणणें अन्यायाचें होईल.

पुढचा क्रम थोडक्यांत सांगतां येतो. चीनला होणारी निर्यात १९०८ पासून वर्षास दहावा हिस्सा याप्रमाणें घटवीत १९१३ सालीं थांबली. मुंबई इलाख्यांत अफू ओढण्याविरुद्ध १९३६ सालीं स्वतंत्र कायदा झाला. १९४९ सालच्या अखिल भारतीय परिषदेनें दहा वर्षांत अफू खाणेंही बंद करण्याचें ठरविलें. १९५९ नंतर ती वैद्यकीय कारणासाठीं नोंदलेल्या व्यसनी माणसांपुरती राहिली. १९८५ चा कठोर कायदा झाला तोंवर मुंबईच्या रस्त्यांवर 'ब्राऊन शुगर' येऊन बसली होती.

तेव्हां आमच्या स्नेह्यांस उत्तर काय द्यावें? १८९१ चा चंडोलखाना व आजची ग्लासगोची खोली यांस एकच नांव देणारे दोन्ही पक्षांत आहेत, आणि दोघेही चुकतात असें आम्हांस वाटतें. चंडोलखान्यांत धनी माल विकी, आणि गिऱ्हाईक जितकें अधिक बुडे तितका त्याचा लाभ. नव्या खोलींत विक्री नाहीं, मक्ता नाहीं, बोली नाहीं. हा भेद लहान नव्हे. उलट, खोली बंद केली म्हणजे व्यसनी माणूस नाहींसा होतो ही समजूत १८९३ सालींच खोटी ठरली होती.

तथापि आमच्या या भागांतील स्त्रियांपुढें हा युक्तिवाद घेऊन जाण्याचें धैर्य आम्हांस होत नाहीं. मागावर राबणाऱ्याचा आठवड्याचा पगार घरीं येण्यापूर्वीं वाटेंतील पाटीखालीं थांबतो, हें त्यांनीं पुस्तकांत वाचलेलें नाहीं. २००८ च्या नियमानें गांवांतील दुकान मतदानानें बंद करण्याचा हक्क लोकांस मिळाला. मतपत्रिकेवर एक उभी बाटली व एक आडवी बाटली. आडव्या बाटलीवर शिक्का मारणारी बाई खोलीला विरोध करते कीं खोलींतील गल्ल्याला, हें तिला कोणी विचारलेलें नाहीं.

अशी देखरेखीची खोली भारतांत आज कोठेंही नाहीं. परंतु २००७ सालीं सुरू झालेल्या एड्स नियंत्रणाच्या तिसऱ्या टप्प्यापासून, सुई टोंचून घेणाऱ्या व्यसनी माणसांस ब्युप्रेनॉर्फिन हें औषध सरकारी कार्यक्रमांत दिलें जातें. त्याची मूळ रीत अशी होती कीं, गोळी हातीं देऊन घरीं धाडावयाचें नाहीं. ती जिभेखालीं ठेवावयाची, आणि पूर्ण विरघळेपर्यंत त्या माणसानें परिचारिकेसमोर बाकावर बसून राहावयाचें. हें ऐकून आमचे स्नेही क्षणभर थांबले, व "याला आमची हरकत नाहीं," असें म्हणून त्यांनीं वृत्तपत्र पुन्हां उचललें.