संदर्भयादी (वैद्यकीय नियतकालिकांतील)

वैद्यकीय शोधलेखात ज्या आधीच्या लिखाणाचा आधार घेतला असेल, त्याची लेखाअखेर दिलेली क्रमवार यादी. मजकुरात आधार घेतला तिथे आकडा, आणि अखेरीस त्याच आकड्यापुढे मूळ लेखाचा पूर्ण पत्ता, अशी तिची घडण असते. डॉक्टरमंडळी तिला ‘रेफरन्सेस’ म्हणतात आणि ती मांडण्याच्या रूढ रीतीला ‘व्हँकुवर स्टाइल’.

हे नाव कॅनडातील व्हँकुवर शहरावरून आले. पूर्वी प्रत्येक नियतकालिकाची रीत वेगळी होती. एकाकडून लेख परत आला, की दुसऱ्याकडे पाठवण्याआधी सगळी यादी टाइपरायटरवर नव्याने बडवावी लागे. हा जाच थांबवण्यासाठी काही संपादक जानेवारी १९७८मध्ये तिथे जमले आणि त्यांनी ठरवलेले समान नियम १९७९मध्ये प्रसिद्ध झाले. संदर्भांचा साचा अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने घडवला. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती या गटातूनच उभी राहिली.

भारतातल्या असंख्य डॉक्टरांना ही रीत अंगवळणी पडली ती मुंबईतून. परळच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय व केईएम रुग्णालयाचा अध्यापकवर्ग १९५५पासून ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ काढत आहे. ते आणि त्याच्यासारखी अनेक नियतकालिके वाचकांना इंटरनेटवर मोफत खुली करण्याचे काम डॉ. डी. के. साहू यांच्या ‘मेडनो’ या प्रकाशनसंस्थेने केले. संस्थेचे कार्यालय आधी कुर्ला पश्चिमेला, मग घाटकोपर पूर्वेच्या कनारा बिझनेस सेंटरमध्ये होते. २०११मध्ये व्होल्टर्स क्लूवर या कंपनीने ती विकत घेतली, तोवर तिच्याकडे दीडशेहून अधिक नियतकालिके होती. पुढे अंकांवर अंधेरी पूर्वेच्या मरोळचा पत्ता छापला जाऊ लागला. लेखकांसाठीच्या सूचना बहुतेक नियतकालिकांत जवळजवळ एकाच शब्दांत असत, त्यामुळे देशाच्या कुठल्याही कोपऱ्यातला रेसिडेंट डॉक्टर संदर्भाचा आकडा चौकोनी कंसात, ओळीच्या किंचित वर आणि विरामचिन्हाच्या नंतर टाकायला शिकला.

आकडे मजकुरात प्रथम आलेल्या क्रमानेच द्यायचे असतात; आडनावांच्या अकारविल्हेला इथे स्थान नाही. तोच लेख पुन्हा आला तर आकडाही तोच राहतो. परीक्षकांच्या सांगण्यावरून मध्येच एक परिच्छेद वाढला, की पुढचे सगळे आकडे सरकतात. एंडनोट, झोटेरो, मेंडली ही सॉफ्टवेअरे हे सरकवण्याचे काम चोख करतात. आत भरलेला तपशील खरा आहे का, हे मात्र त्यांना कळत नाही.

साचा कसा चालतो ते मुंबईच्याच एका लेखावरून पाहू. ‘बॉम्बे ब्लड ग्रूप’ हा रक्तगट ज्या लेखातून जगाला कळला, त्याचा संदर्भ देवनागरीत उतरवला तर असा दिसेल :

भेंडे वायएम, देशपांडे सीके, भाटिया एचएम, सँगर आर, रेस आरआर, मॉर्गन डब्ल्यूटी, एट आल. ए ‘न्यू’ ब्लड ग्रूप कॅरॅक्टर रिलेटेड टू द एबीओ सिस्टिम. लॅन्सेट १९५२;१:९०३-४.

आधी आडनाव, मग आद्याक्षरे. दोहोंमध्ये स्वल्पविराम नाही आणि आद्याक्षरांत टिंबे नाहीत. नियतकालिकाचे नाव नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने ठरवलेल्या संक्षेपातच लिहायचे. वर्षानंतर अर्धविराम, खंडानंतर अपूर्णविराम. शेवटचे पान ९०४ असले तरी त्यातला बदललेला आकडा तेवढा ठेवायचा. ‘एट आल’ म्हणजे ‘आणि इतर’. सहापेक्षा जास्त लेखक असतील तर पहिली सहा नावे देऊन पुढे हे शब्द लिहितात. या लेखाचे लेखक सात आहेत, त्यामुळे रक्तगटांच्या रसायनशास्त्रात मोठे काम केलेल्या विनिफ्रेड वॉटकिन्स यांचे नाव नेमके गळते. कागदाची काटकसर गरजेची होती तेव्हा हा नियम योग्य होता. पडद्यावर वाचायच्या यादीत मात्र सगळी नावे द्यावीत. एका नावाला जागा ती किती लागणार!

याच संदर्भात आणखी एक खाचखळगा आहे. खंडाचा आकडा काही याद्यांत १, तर काहींत २५९ दिसतो. लॅन्सेटचे जुने अंक वर्षाच्या दोन सहामाहींनुसार १ आणि २ असे मोजले जात. नंतर सलग क्रमांक आले आणि संकेतस्थळावर ते जुन्या अंकांनाही लागले. दोन्ही आकडे त्याच पानांपर्यंत नेतात, पण एका यादीत एकच पद्धत पाळावी.

नियतकालिकाचे नाव लेख छापला गेला त्या वेळचेच हवे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जल वकील यांचा सर्पगंधेवरचा १९४९चा लेख ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’च्या ११व्या खंडात आहे. १९९६पासून हे नियतकालिक नुसते ‘हार्ट’ झाले, म्हणून जुन्या लेखाचे नाव बदलत नाही.

आपल्या नावांची अडचण वेगळीच. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव या मराठी क्रमातून आद्याक्षरे काढली, की ‘जोशी एस’ आणि ‘पाटील ए’ यांची रांग लागते. त्यातला नेमका कोण, ते यादीवरून उमगत नाही. लग्नानंतर आडनाव बदललेल्या डॉक्टरणीचे आधीचे लेख एका नावाखाली आणि नंतरचे दुसऱ्या नावाखाली राहतात, आणि तिच्या कामाचा माग अर्ध्यावर तुटतो. २०१२मध्ये सुरू झालेला ऑर्किड हा सोळा अंकी लेखक-क्रमांक यावरचा खरा उपाय आहे. पहिल्या लेखाआधीच तो घ्यावा.

टिंब-स्वल्पविरामाची चूक प्रकाशनसंस्थेतले कॉपी एडिटर सुधारतात. जड पडते ती मूळ लेख न वाचता दुसऱ्याच्या यादीतून उचललेली नोंद. अमेरिकेतील पोर्टर आणि जिक यांचे एका परिच्छेदाचे पत्र १९८०मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. अफूजन्य वेदनाशामके दिलेल्या, रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णांत व्यसन क्वचित जडते, एवढेच त्यात म्हटले होते. २०१७मध्ये त्याच नियतकालिकात या पत्राचा हिशेब मांडला गेला, तेव्हा ६०८ लेखांनी त्याचा हवाला दिलेला आढळला. त्यांतील ४३९ लेखांनी ते व्यसन क्वचित जडते याचा पुरावा म्हणून वापरले होते. रुग्ण दाखल होते, हे तर ४९१ लेखांनी सांगितलेच नव्हते. या सगळ्या याद्यांत आकडे, खंड, पान बिनचूक असतील. पत्र उघडून वाचायला पाच मिनिटेही लागली नसती.

म्हणून लेखाचा नुसता सारांश संदर्भ म्हणून देऊ नये, अशी सूचना नियतकालिके करतात. मागे घेतलेला लेख तो मागे घेतल्याचे सांगण्यासाठीच उद्धृत करावा, असे संपादकांची समिती सांगते. पाठवण्याआधी प्रत्येक नोंद पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीत उघडून पाहिली, की लेख मागे घेतला असल्यास तशी ठळक पट्टी दिसते. डीओआय हा लेखाचा डिजिटल ओळखक्रमांक दिला असेल तर त्यावर क्लिक करून तोच लेख उघडतो ना, हेही बघावे. प्रूफ येते तेव्हा समासात लेखकासाठी प्रश्न असतात : अमुक संदर्भ मजकुरात कुठे आहे, तमुक लेखाचे पान कोणते. त्यांची उत्तरे गाइडच्या, म्हणजे मार्गदर्शकाच्या, आठवणीवरून देऊ नयेत. मूळ लेखाचे पान समोर उघडून द्यावीत.