राजघाटावरचा पिवळा धोतरा: दगड जुना, झाड नवं

बऱ्हाणपूरच्या राजघाटावर हिवाळ्याच्या शेवटी पाहुणे आले, की शाही किल्ल्याची भिंत, तापीच्या पात्रातला दगडी हत्ती आणि पलीकडचं जैनाबाद बघून होतं. मग कोणीतरी कडेच्या काटेरी, पिवळ्या फुलांच्या झाडाकडे बोट दाखवतं. हिंदीत ही सत्यानाशी; मराठीत पिवळा धोतरा, काटेधोतरा किंवा फिरंगी धोतरा. प्रश्नही ठरलेला: "ही फारुकींच्या काळातली औषधी वनस्पती ना?"

तारखा शेजारी मांडल्या की उत्तर मिळतं. नासिरखान फारुकीने हे शहर वसवलं ते १४०० च्या सुमारास. झाड मूळचं मेक्सिको आणि आसपासच्या मुलखातलं. कोलंबस अमेरिकेला पोचला १४९२ मध्ये, वास्को द गामा कालिकतला १४९८ मध्ये. शहर वसलं तेव्हा हे फूल इथं असणं शक्यच नाही. 'फिरंगी' हे नावही तेच सांगतं. लिनियसने १७५३ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं, आर्जेमोनी मेक्सिकाना. त्यातही मूळ गाव आहेच.

यावर जाणकार एक हरकत घेतात. चरकसंहितेत भेदनीय औषधांमध्ये स्वर्णक्षीरिणी आहे, आणि आज बाजारात स्वर्णक्षीरी म्हणून पुष्कळदा हेच झाड मिळतं. मग ते जुनं कसं नाही? माझं म्हणणं असं: नाव जुनं आहे, झाड नवं आहे. पान मोडलं की पिवळा चीक येतो, म्हणून सोन्यासारख्या चिकाचं जुनं नाव या नव्या पाहुण्याला चिकटलं. कारखान्यात जुन्या मशीनची पाटी नव्या मशीनवर ठोकली, तर मशीन जुनं होत नाही. पोथीतलं नाव वाचून समोरची वस्तू ओळखली असं आपण इतिहासात फार पटकन समजतो.

इथं ती घाई जिवावर बेतू शकते. या झाडाचं बी काळसर आणि मोहरीएवढं असतं. त्याचं तेल मोहरीच्या तेलात मिसळलं गेलं, की पाय सुजतात, धाप लागते, हृदय थकतं. सँग्विनरीन नावाचं विष त्याला कारण. १९९८ मध्ये दिल्लीत अशा तेलाने सुमारे ६० माणसं दगावली. म्हणून "जुनं आहे, औषधी आहे" असं पाहुण्यांना सांगून झाड पोटात घ्यायला लावू नये.

ओळख सोपी आहे. पानांना देठ नसतो. ती निळसर हिरवी, कडा काटेरी, शिरांवर पांढरे पट्टे. फूल वाटीसारखं, चार ते सहा पाकळ्यांचं. नाव धोतरा असलं तरी खऱ्या धोतऱ्याशी नातं नाही. त्याचं फूल कर्ण्यासारखं असतं आणि त्याला पिवळा चीक नसतो. याचं कूळ अफूचं. बोंडही काटेरी, पिकलं की टोकाशी उकलतं. भिंगातून पाहिलं तर बियांवर ठळक जाळी दिसते. मोहरी हाताला गुळगुळीत लागते.

रोपावस्थेत ओळखायचं असेल तर एकदा कुंडीत लावून बघावं. उन्हाळ्यात गळलेलं बी लगेच रुजत नाही, ते थंडीची वाट बघतं. ऑक्टोबरअखेर वाळू मिसळलेल्या मातीत वरवर पेरावं, पाणी बेताचं द्यावं. सोटमूळ असल्याने रोप उपटून दुसरीकडे लावलं तर टिकणं कठीण; पेरलं तिथंच वाढू द्यावं. हातमोजे घालावेत, चीक डोळ्याला लागू देऊ नये. कुंडी मुलं आणि गुरांपासून लांब ठेवावी. बोंडं पिवळी पडू लागली की उकलायच्या आधीच कापून जाळावीत. एकेका झाडाला हजारो बिया धरतात. निष्काळजीपणा झाला तर पुढच्या वर्षी शेजाऱ्याच्या शेतात उगवेल.

घाटाच्या नोंदवहीत मी या झाडाचा रकाना वेगळा ठेवला आहे: पायऱ्यांखाली 'जुनं बांधकाम', झाडाखाली 'सोळाव्या शतकाआधीचं नाही'. पुढे कुणी राजघाटाच्या जुन्या चित्रात हे पिवळं फूल दाखवलं, तर आधी चित्राची तारीख विचारावी.