जुना तंबोरा आणि मिरजेचा हात

जुन्या नेपोली घडणीच्या मेंडोलिनची गोल पाठ पाहिली की तंबोऱ्याचा भोपळा आठवतो. मात्र मेंडोलिनची गोलाई लाकडाच्या पातळ पट्ट्या वाकवून, जोडून साधलेली असते. तंबोऱ्याची वेलीवरच वाढते. कमी पैशांत चांगले जुने वाद्य शोधणाऱ्याला आणखी एक फरक महत्त्वाचा. मेंडोलिनचे पडदे झिजतात, आणि ते बदलण्याचा खर्च कधीकधी वाद्याच्या किमतीला भिडतो. तंबोऱ्याला पडदेच नाहीत. झिजतात त्या मुख्यतः तारा आणि घोडी, आणि दोन्ही नव्याने बसवता येतात.

मिरजेच्या वाद्यधंद्याचा उगमही दुरुस्तीतूनच झाला. १८१८ साली पेशवाई संपली आणि हत्यारांची मागणी ओसरत गेली. हत्यारांना धार नि झिलई देणाऱ्या शिकलगारांपैकी मिरजेच्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तंतुवाद्ये दुरुस्त करायला घेतली आणि पुढे नवी घडवली. पटवर्धन संस्थानाचा आश्रय मिळाला आणि ही घराणी 'सतारमेकर' झाली. पुढे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. अशा गवयांचे कान हीच या कारागिरांची परीक्षा होती.

भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या कोरड्या पट्ट्यातून. दांडी आणि तबली तुणाच्या लाकडाची. म्हणूनच जुना तंबोरा कुठे राहिला हे आधी विचारावे. पाचगणीसारख्या ठिकाणी पावसाळाभर भिंतीला टेकून उभा राहिलेला तंबोरा आणि सोलापूरकडच्या कोरड्या माजघरातला तंबोरा यांचे म्हातारपण सारखे नसते. पूर्वीचे सांधे सरसाने जोडलेले. दमट हवेत सरस सैल पडतो.

पण सुटलेला सांधा पुन्हा बसतो. भोपळ्याची बारीक चीर बुजवता येते. सैल खुंट्या नीट होतात. वाकलेली किंवा पीळ पडलेली दांडी मात्र सहसा सोडून द्यावी. एका टोकाकडून डोळा लावून पाहिले की दोष कळतो. वरचे नक्षीकाम कितीही देखणे असले तरी त्याने स्वर सुधारत नाही.

उरते ती जवारी. तारेच्या घर्षणाने घोडीवर चरे पडतात. कारागीर ती कानसेने घासून हलका उतार देतो, तारेखाली सूत सरकवून पाहतो आणि मुका पडलेला तंबोरा पुन्हा बोलू लागतो. हे काम मापाने नव्हे, कानाने होते.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. नव्या वाद्याच्या नावाला त्याने संरक्षण दिले, हे चांगलेच. परंतु इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याच्या काळात माळ्यावर पडलेल्या जुन्या वाद्यांचे मोल जवारी काढणाऱ्या हातावर अवलंबून आहे. तो हात रिकामा राहिला तर उत्तम भोपळा, मुरलेले लाकूड, सारे शोभेचे सामान होईल. जुना तंबोरा स्वस्तात मिळाला, तर वाचलेल्या पैशांतले थोडे त्या कारागिराकडे जावेत.